नानांचा डावा कान

आमच्या सोसायटीत नव्याने राहायला येणाऱ्याला जुनी मंडळी एक सल्ला हमखास देतात : नानांना आधी प्रत्यक्ष भेटा, फोन नंतर करा. फोन आधी केलात, की तुमची कुंडली मांडली गेलीच म्हणून समजा. मग तुम्ही घरी जाऊन त्यांच्या पाया पडा, गणपतीच्या वर्गणीत आकडा वाढवा, लिफ्ट बंद असताना त्यांची भाजीची पिशवी चौथ्या मजल्यावर पोचवा, काही उपयोग नाही. "वागायला बरा आहे हो," नाना म्हणणार, "पण आवाजात खोट आहे."

हात बघणारे असतात, अक्षर बघणारे असतात, तसे नाना आवाज बघणारे. त्यांचा दावा असा की, माणूस चेहरा सावरतो, कपडे सावरतो, सही सुद्धा घोटून घोटून वजनदार करतो; पण 'हॅलो' कुणाला घोटता येत नाही. पहिल्या हॅलोत सगळं येतं. स्वभाव, कर्जाची सवय, घरात कुणाचं चालतं, आणि पाहुण्याला चहा विचारायची पद्धत आहे की नाही.

हे ऐकण्याचंही एक तंत्र आहे. नानांकडे अजून लँडलाइन आहे, गोल वळ्यांच्या वायरची. रिसीव्हर आधी उजव्या कानाला लागतो. उजवा कान मजकुराचा. कोण बोलतंय एवढं कळलं, की रिसीव्हर डाव्या कानाकडे जातो. उजव्या हाताची करंगळी उजव्या कानात, डोळे मिटलेले, खालचा ओठ किंचित पुढे. आता स्वभावाचं काम सुरू. पलीकडचा काय सांगतोय, याच्याशी नानांचा इथून पुढे संबंध उरत नाही. त्यामुळे त्यांच्याकडे दिलेला एकही निरोप आजवर कुणाला धड मिळालेला नाही. पाणी उद्या येणार नाही, हे सांगायला वॉचमनने फोन केला, तेव्हा नानांनी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं ते एवढंच, की वॉचमनला गावाकडची आठवण येतेय. दुसऱ्या दिवशी अख्खी इमारत पारोशी.

नाना टेलिफोन खात्यातले, मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमधले. एसटीडी गावोगाव पोचण्याआधीचा तो काळ. हल्लीच्या पोरांना ट्रंक कॉल समजावून सांगावा लागतो. नंबर नोंदवायचा आणि घरात बसून राहायचं. ऑर्डिनरी लावला तर दुपारची संध्याकाळ व्हायची, अर्जंट लावला तर जरा लवकर, आणि लाइटनिंग लावला तर लगेच. पण त्याचे पैसे ऐकून घरात वेगळीच वीज पडायची. लागला की दर तीन मिनिटांनी ऑपरेटर मध्ये येऊन विचारणार, वाढवायचा का? म्हणजे दोन माणसांच्या संभाषणात एक तिसरा कान कायमचा. तो कान नानांचा. बोर्डासमोर बसून हेडसेट डाव्या कानावर चढवायचा, उजव्या हाताने तिकिटावर वेळ लिहायची. डावा कान तयार झाला तो असा.

खात्याने पेन्शन दिली आणि वर ही परिभाषा दिली. नानांच्या जगात माणसांचे प्रकार टेलिफोनचेच. काही माणसं एंगेज : आतून सतत टुं टुं चालू, तुमचं काही आत शिरायला वाव नाही. (मी यात मोडतो. मला हे काकूंकडून, म्हणजे नानांच्या सौभाग्यवतींकडून कळलं.) काही क्रॉस कनेक्शन : बोलतात तुमच्याशी, पण मनात दुसऱ्याच कुणाशी भांडण चाललेलं. सोसायटीचे सेक्रेटरी लाइटनिंग. टाकीचं झाकण उघडं राहिलं हे ते असं सांगतात, की ऐकणाऱ्याने आधी खुर्ची धरावी. पीपी, म्हणजे जो माणूस हवा तोच फोनवर हवा, दुसरा कुणी आला तर ख्यालीखुशाली न विचारता ठेवून देणारे. नानांचे थोरले व्याही पीपी आहेत. हे नानांनी साखरपुड्यातच जाहीर केलं होतं, माइक चालू असताना.

गंमत अशी की हा माणूस सगळाच फेकत नाही. काही गोष्टी त्यांना खरोखर ऐकू येतात. अनोळखी माणूस दोन वाक्यं बोलला, की हे मास्तर होते, हे कंडक्टर, हे कोर्टातले, हे ते बिनचूक सांगतात. कीर्तनकार तर जांभईवरून ओळखतील. वर्षानुवर्षं चाळीस पोरांच्या डोक्यावरून मागच्या बाकापर्यंत आवाज फेकला, की तो निवृत्तीनंतर दिवाणखान्यातही तिथपर्यंतच जातो. धंद्याचा वळ गळ्यावर उठतो, यात मला शंका नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी मला सांगितली, ती मी थट्टेवारी नेऊ शकलेलो नाही. रात्री दोन-अडीचला कॉल नोंदवायला जो फोन यायचा, तो मरणाचा की जन्माचा, हे त्यांना पहिल्याच वाक्यात कळायचं. रडण्यावरून वगैरे नाही. मरण कळवणारी माणसं फार नीट बोलायची. गावाचं नाव, जिल्हा, नंबर, कुणाला बोलवायचं, सगळं ओळीने, शांतपणे. शेवटी ऑपरेटरला "त्रास देतोय" असंही म्हणायची. मुलगा झालेला बाप मात्र नंबर चुकवायचा, स्वतःच्या सासऱ्याचं नाव विसरायचा, ओरडायचा, आणि वर खात्याच्या नावाने शंख करायचा. "त्यामुळे," नाना म्हणाले, "कुणी फार सभ्यपणे बोलायला लागला, की अजून माझ्या पोटात गोळा येतो."

हे एवढ्यावर थांबलं असतं, तर नानांना मी गुरू केलं असतं. पण ज्याला प्रसंग ऐकू येतो, त्याला वाटायला लागतं की आपल्याला माणूसही ऐकू येतो. नानांची गाडी इथे रूळ सोडते. आता तर त्यांना ध्वनिमुद्रित बायकांचेही स्वभाव कळतात. 'आपण रांगेत आहात' असं सांगणारी बाई मनाने चांगली आहे, पण तिच्यावर घरात अन्याय होतो. लोकलमध्ये पुढचं स्टेशन सांगणारी बाई हुशार, मात्र थोडी शिष्ट. ती 'घाटकोपर' ज्या तऱ्हेने म्हणते, त्यावरून ती तिथे कधी उतरलेली नाही. गॅस नोंदवणाऱ्या यंत्राला नाना "बाई, जेवलात का?" असं विचारतात आणि एक दाबायचं विसरतात. सिलिंडर येत नाही तो नाही.

त्यांचा भाचा एका टेलिकॉम कंपनीत इंजिनिअर आहे. रविवारी येतो, आणि मामांना शास्त्राने चीत करायचं या ईर्ष्येने येतो. एकदा म्हणाला, "मामा, पुरुषाचा साधा बोलण्याचा आवाज म्हणजे सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनं. बायकांचा दोनशेच्या आसपास. आणि तुमचा लँडलाइनचा फोन तीनशेच्या खालचं काही पलीकडे पाठवतच नाही. चौतीसशेच्या वरचंही नाही. तुम्ही तीस वर्षं ज्या भारदस्त खर्जावरून लोकांची लायकी ठरवलीत, तो खर्ज तारेतून आलेलाच नाही. त्याची जी तिप्पट-चौपट कंपनं येतात, त्यांवरून मूळ स्वराचा अंदाज तुमच्या डोक्याने बांधला."

दिवाणखान्यात शांतता पसरली. मला वाटलं, संपले नाना.

नानांनी चष्मा पुसला. "म्हणजे तारेतून जे येत नाही, ते सुद्धा मला ऐकू येतं," ते म्हणाले. "लिहून ठेव हे."

भाचा हार मानणारा नाही. पुढच्या रविवारी त्याने ग्लासगोचा प्रयोग आणला. 2014 साली तिथल्या संशोधकांनी 64 माणसांचे नुसते 'हॅलो' काढून घेतले, अर्ध्या सेकंदाहूनही छोटे, आणि 320 जणांना ऐकवले. हा माणूस विश्वासू वाटतो का, दबदब्याचा वाटतो का, असं विचारलं. ऐकणाऱ्यांची मतं एकमेकांशी चांगलीच जुळली. नाना एव्हाना खुर्चीच्या कडेला आले होते. "पण मामा," भाचा म्हणाला, "ही मतं खरी होती का, हे त्यांनी तपासलंच नाही. सगळ्यांना सारखंच वाटलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. सगळे मिळून चुकीचे असू शकतात."

"तीनशे वीस लोक माझ्या बाजूचे!" नाना स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "तेही परदेशात!"

अशा माणसाला पुरावा देऊ नये. भाच्याने तरीही दिला. 1927 साली मँचेस्टरच्या टी. एच. पीअर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बीबीसीवरून नऊ जणांना एकच उतारा वाचायला लावला आणि हे लोक कोण असावेत, ते श्रोत्यांकडून मागवलं. पत्रांचा पाऊस पडला. धंदा ओळखण्यात लोकांना बरंच यश आलं ते नट आणि पाद्री यांच्या बाबतीत. म्हणजे ज्या दोघांना आवाज कमवावा लागतो, ते दोघेच आवाजावरून पकडले गेले. माझ्या मते या सगळ्या भानगडीतला एवढा मुद्दा कळीचा आहे. आवाजात दिसतं ते कमावलेलं. जन्मजात स्वभाव ऐकायला बसलं, की आपलंच काहीतरी ऐकू येतं.

आणि हा चाळा नानांनी काढलेला नाही, हेही कबूल केलं पाहिजे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत पुरुषलक्षणं सांगताना आवाजालाही जागा दिली आहे. हत्ती, बैल, सिंह, मेघ, मृदंग यांच्यासारखा ज्याचा आवाज, तो राजा. गाढवासारखा, फाटका किंवा रुक्ष ज्याचा, तो धनाला आणि सुखाला मुकलेला. पहिल्या मजल्यावरच्या शास्त्रीबुवांनी नानांना हे सांगितल्यापासून नाना सोसायटीचं रंगकाम घेणाऱ्या कंत्राटदाराकडे कणवेने बघत. त्याचा आवाज वराहमिहिराने दुसऱ्या गटात टाकला असता, यात वाद नाही. त्याने आमच्याच इमारतीत तिसरा फ्लॅट घेतला, तेव्हा नाना म्हणाले, "धन आलं, सुख कुठाय?" सुख होतं. तो रोज संध्याकाळी गच्चीवर जुनी गाणी म्हणायचा. सुखाला आम्ही मुकलो.

नानांना अडवायला माझ्याकडे एक हुकमी पान होतं : निळू फुले. तो घोगरा, ओठांच्या कोपऱ्यातून सरपटत येणारा आवाज. त्या आवाजापायी गावोगावच्या बायका त्यांना खरोखरीचा नीच माणूस समजत. आणि प्रत्यक्षात कोण? राष्ट्र सेवा दलात वाढलेला, पुण्यात माळीकाम केलेला, पैशापेक्षा चळवळीत जीव असलेला साधा माणूस. "आता बोला," मी म्हटलं. "हा आवाज तुमच्या बोर्डावर आला असता, तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

"ते नाटक करत होते," नाना म्हणाले.

"मग फोनवर काय करतात लोक?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंना म्हणाले, "एंगेज. मी तुला सांगितलंच होतं."

उत्तर मिळालं नाही, तरी प्रश्न माझा मला पुरला. आमच्या समोरच्या वहिनींचंच घ्या. मुलाला हाक मारताना त्यांचा आवाज करवतीचा, भाजीवाल्याशी तहसीलदाराचा, शाळेतल्या बाईंशी स्वतःच तिसरीत असल्यासारखा, आणि माहेरचा फोन आला की त्यात पंधरा वर्षांची एक मुलगी येते, जी त्या दाराआड आम्ही एरवी कधी पाहिलेली नाही. यातला वहिनींचा आवाज कुठला? साहेबांशी बोलताना बारीक होणारा आणि शिपायाशी बोलताना जाड होणारा गळा तर प्रत्येक कचेरीत टेबलागणिक ऐकू येतो. ऐकणाऱ्याने जरा कान दिला, तर पलीकडे कोण आहे ते पक्कं कळतं. बोलणारा कोण, ते राहूनच जातं.

मग तो बँकेचा प्रसंग घडला. दुपारी फोन आला. "नमस्कार काका, मुख्य शाखेतून बोलतोय. आपलं जेवण झालं ना? मी अवेळी तर नाही केला?" मंद, खर्जातला, अजिबात घाई नसलेला आवाज. रिसीव्हर तत्काळ डाव्या कानाला. वडील शिक्षक असणार. आईची सेवा केलेली दिसते. एकत्र कुटुंब. नानांनी डोळे मिटले, आणि त्या समाधीतच ते कार्डावरचे आकडे सांगायला लागले. चार, दोन, सात... बारावा आकडा आला, तेव्हा काकूंनी भिंतीतली वायर उपटली. काकूंनी आवाज ऐकलाच नव्हता. त्यांनी फक्त नानांच्या हातातलं कार्ड पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या खऱ्या माणसाचा फोन आला. चिरका आवाज, मागे स्टॅम्प आपटल्याचा दणदणाट, मध्येच दुसऱ्या कुणावर खेकसणं. हयातीचा दाखला यायचा राहिलाय, एवढंच त्याला सांगायचं होतं. आदल्या दिवशीच्या अनुभवाने शहाणे झालेले नाना त्याला "चोरा!" म्हणाले, पोलिसांची धमकी दिली आणि रिसीव्हर आपटला. डिसेंबरची पेन्शन अडली. काकू शाखेत जाऊन नाना जिवंत असल्याचं सांगून आल्या. नाना सोबत होते म्हणून ते ग्राह्य धरलं गेलं.

या प्रकरणानंतर नाना कान आवरतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला. "पहिला मुलगा सज्जनच होता. चुकीच्या धंद्यात पडलाय. आणि दुसरा जो बँकेत बसलाय ना, तो मूळचा चोर आहे. त्याला अजून संधी मिळालेली नाही."

लताबाईंचा आवाज फार बारीक म्हणून निर्माते शशधर मुखर्जींनी नाकारला होता आणि संगीतकार गुलाम हैदर त्यावरून भडकले होते, ही गोष्ट नानांना अर्थातच पाठ आहे. ऐकणारा भलताच चुकू शकतो, असा बोध कुणीही त्यातून घेईल. नाना म्हणतात, मुखर्जींना ट्रेनिंग नव्हतं. सहा महिने एक्स्चेंजला बसवायला हवं होतं.

आता नानांपुढे नवंच संकट आहे. जग बोलेनासं झालंय. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न जमत होतं. पूर्वी अशा वेळी आईबाप स्थळाचा फोन मुद्दाम नानांच्या घरी लावायला सांगायचे, आणि नाना 'ऐकून' सांगायचे. या वेळी त्यांना कुणी बोलावलं नाही, म्हणून तेच खाली गेले. मुलाचा आवाज कसा आहे, विचारलं. मुलगी म्हणाली, "आजोबा, आम्ही टाइप करतो. फारच लांबलचक असेल, तर तो व्हॉइस नोट पाठवतो." नानांचा चेहरा उजळला. तिने लावून दाखवली. मुलगा भरभर, टिपेच्या स्वरात, श्वास न घेता काहीतरी बोलत होता.

"लाइटनिंग," नाना घाबरून म्हणाले. "संसार होणार नाही."

"अहो आजोबा, मी दीडपट वेगाने ऐकते. सगळेच ऐकतात."

नाना वर आले ते खचूनच. "माणूस दीडपट वेगाने ऐकतात," ते म्हणाले. "आणि त्याच्याशी आयुष्य काढणार. आम्ही तर नुसत्या आवाजावर लग्न केलं."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. काकू पोळ्या लाटत होत्या. त्या सांगली एक्स्चेंजच्या. मुंबईच्या बोर्डावरून सांगलीचा कॉल जोडायचा, तर सांगलीच्या ऑपरेटरशी बोलावं लागे. दिवसा बायका, रात्री पुरुष अशा पाळ्या. पण नाना संध्याकाळी लवकर येऊन बसायचे आणि काकूंची पाळी संपेपर्यंतचा तेवढा तासभर "हॅलो सांगली", "बोला मुंबई" एवढं चालायचं. वर्षभर त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. नाना रागावले की आजही काकूंना सांगली म्हणतात.

"इतका मऊ आवाज," नाना मला सांगत होते. "हळू, अदबीचा. चढलेला म्हणून कधी ऐकला नाही. डाव्या कानाने सांगितलं, ही मुलगी गरीब स्वभावाची आहे, आयुष्यात उलटून बोलणार नाही. रजा टाकली, सांगलीला गेलो, आणि मागणी घातली."

काकूंनी लाटणं पोळपाटावर इतक्या जोरात ठेवलं, की खालच्या मजल्यावर कळलं असणार.

"मागे सुपरवायझर बाई उभी असायची माझ्या," त्या म्हणाल्या. "छडीसारखी. मोठ्याने बोललं की मेमो."

"तुम्हाला काय वाटलं होतं काकू, नानांच्या आवाजावरून?" मी विचारलं.

काकूंनी पीठ लागलेले हात पुसले आणि खुर्चीत बसलेल्या नानांकडे पाहिलं. नानांचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "उंच असतील."